टिंबापुढची चिठ्ठी

एकदा एक वयोवृद्ध मोडीवाचक होते. जुने कागद वाचायला शिकावं म्हणून एक तरुणी आठवड्यापासून त्यांच्याकडे येऊ लागली होती. त्या सकाळी मात्र ती आली ती लॅपटॉप छातीशी धरून, डोळे सुजलेले.

"गुरुजी, आईचा आवाज गेला."

आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. तिने म्हटलेला पाळणा तिच्या जुन्या फोनमध्ये तेवढा उरला होता. परवा धाकट्या बहिणीच्या बाळाचं बारसं, तेव्हा तो लावायचा होता. पण लॅपटॉपवर घेतल्यावर ती फाइल काही केल्या उघडेना. नावाच्या शेवटी, टिंबापुढे, तीन अनोळखी अक्षरं होती. हिने शक्कल लढवली. ती खोडून गाण्यांच्या फाइलींना असतं तसं 'एमपीथ्री' लिहिलं. तरी मौनच. मग मजकुराच्या फाइलीची अक्षरं लिहिली, तर पडद्यावर पानभर वेडीवाकडी चिन्हं सांडली.

"सडली हो फाइल. पुसूनच टाकते, बघवत नाही."

गुरुजींनी मोडीतलं एक जुनं पत्र काढलं, त्यावर 'देवनागरी' अशी चिठ्ठी डकवली आणि तिच्यापुढे सरकवलं. "हं, देवनागरी तर येतं ना? वाच धडाधड."

तिला रागच आला. "थट्टा करता का, गुरुजी? वर चिठ्ठी लावली म्हणून आतली मोडी बदलते का?"

"मग कालपासून तू दुसरं काय केलंस?"

तिने लॅपटॉपकडे पाहिलं.

"मुली, टिंबापुढची अक्षरं ही चिठ्ठीच. आत कोणती लिपी आहे, कोणत्या वाचकाला बोलवायचं, एवढंच ती सांगते. तुझ्या यंत्रातले प्रोग्राम म्हणजे वाचक. एकाला वाचता आलं नाही म्हणून कागद सडत नाही. असल्याच कागदांना गिचमीड म्हणून लोकांनी बंबात घातलं. काय काय जळलं, देव जाणे! मूळ अक्षरं कोणती होती?"

"ए, एम, आर."

"अमर?" म्हातारबुवा खुदकन हसले. "नाव तर नामी होतं. तूच खोडलंस की!"

तिने ती तीन अक्षरं पुन्हा लिहिली. मग नाना प्रकारचे आवाज जाणणारा एक प्रोग्राम शोधून घेतला आणि फाइल त्याच्या हवाली केली. थोडी खरखर झाली. मग आई घसा खाकरून म्हणाली, "झालं का गं सुरू? म्हणू?"

"म्हण," ती नकळत बोलून गेली.