ओतारणीच्या घंटा

खूप जुनी गोष्ट आहे, मुलांनो, आणि मुलांच्या आजोबांनो. डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक ओतारीण राहायची. पितळ वितळवायचं, मातीच्या साच्यात ओतायचं आणि गुरांच्या गळ्यातल्या घंटा घडवायच्या, हा तिचा धंदा. नवऱ्याने तिला सगळं शिकवलं होतं. तो गेला, आणि घंटा पडून राहू लागल्या.

भावाचा निरोप आला, "पोळ्यापर्यंत बघ. नाही जमलं तर भट्टी विझव, मी गाडी घेऊन न्यायला येतो." पण ओतारणीला भट्टी सोडवेना. त्या भट्टीपाशी बसलं की तिला नवऱ्याची सोबत वाटे.

मग तिने काय केलं? सगळ्या घंटा एका काठीला बांधल्या आणि बाजारभर खुळखुळवत फिरली. "घंटा घ्या हो घंटा! देवाला घ्या, दाराला घ्या, गुरांना घ्या!" असा गलबला झाला की एकाही घंटेचा सूर धड ऐकू येईना. भाजीवाली म्हणाली, "बाई गं, कान किटले, हो पुढे!" बिचारी घसा बसेपर्यंत ओरडली आणि होत्या तेवढ्याच घंटा घेऊन परतली.

वाटेत एक म्हातारा गुराखी भेटला. त्याने एक घंटा हातात घेऊन हळूच वाजवली. "ही कुणासाठी ओतलीस, पोरी?"

"जो घेईल त्याच्यासाठी."

"तुझा धनी असं करत नव्हता. रोज संध्याकाळी पाणवठ्यावर बसायचा. कुणाची गाय मागे राहते, कुणाचा बैल झाडीत शिरतो, विचारायचा. मग त्या गुराजोगी घंटा ओतायचा."

घरी काम पडलंय आणि हे पाणवठ्यावर चकाट्या पिटतात, म्हणून ओतारीण नवऱ्याशी रोज भांडायची. त्याचं अर्धं काम तेच होतं, हे तिला आज कळलं. तिला रडू आलं.

घरी येऊन तिने कोळशाने भिंतीवर तीन चित्रं काढली. आधी गाय, म्हणजे घंटा कुणासाठी. मग पाणवठा, म्हणजे गुरांची माणसं कुठे भेटतात. शेवटी एक कान, म्हणजे आधी ऐकायचं. एवढाच तिचा बेत.

दुसऱ्या दिवसापासून ती पाणवठ्यावर, नवरा बसायचा त्या दगडावर जाऊन बसू लागली. काठी घरीच ठेवली. चार दिवस काहीच खपलं नाही. पाचव्या दिवशी एक बाई म्हणाली, "माझी गाभण कपिला करवंदीच्या जाळीत शिरते. धुक्यात दिसतच नाही." ओतारणीने कपिलेसाठी खर्जातल्या आवाजाची, धुक्यातही दूरवर ऐकू जाईल अशी घंटा ओतली. "उपयोग झाला तर ठेवा, नाहीतर परत द्या," म्हणाली.

आठ दिवसांनी कपिला रानातच व्याली. घंटेच्या आवाजामागे जात मालकीण तिच्यापर्यंत पोचली आणि वासराला घोंगडीत गुंडाळून घेऊन आली. पाणवठ्यावर तिने ते स्वतःच सगळ्यांना सांगितलं. ओतारणीला तोंडही उघडावं लागलं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी भाऊ गाडी घेऊन आला. ओतारीण पाणवठ्यावर होती, आणि भोवती माणसं आपापल्या गुरांची गाऱ्हाणी सांगत होती. "चल, बाई," तो म्हणाला. ती त्याच्या बैलांकडे बघत होती.

"दादा, यातला कुठला मागे रेंगाळतो रे?"

भाऊ हसला आणि तिच्याशेजारी बसून सांगू लागला. पोळा झाला, गाडी रिकामीच परत गेली. बैलांच्या गळ्यात दोन नव्या घंटा वाजत होत्या, आणि इकडे भट्टी पेटलेलीच होती.

म्हणून लक्षात ठेवा: आपली वस्तू विकायला ओरडत निघण्याआधी, ती ज्याला हवी आहे त्याच्याजवळ बसून त्याचं ऐकावं.