अळणी भिक्षा

“मग माझं अडलंय तरी कुठं, आई?”

मैनाआई नदीच्या शेवटच्या पायरीवर बसून आपली झोळी पिळत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

“घर सोडलं, लेक सोडला, अंगावरचं सोनं सोडलं,” सुभद्रा म्हणाली. “जिभेची चवसुद्धा सोडली. माझ्या मागून आलेल्यांना दीक्षा मिळाली अन् मी अजून दाराशीच.”

“चव सोडलीस?”

“रोज बघताच की तुम्ही.”

“बघते…” मैनाआई म्हणाल्या, आणि पुन्हा झोळी पिळू लागल्या.

सिंदफणा नदीच्या काठावर मैनाआईंचा, फक्त बायकांचा, हा लहानसा मठ होता. इथं चूल पेटत नसे. सकाळी झोळी घेऊन आसपासच्या गावांत जायचं, चार दारी मागायचं आणि पडेल ते घेऊन नदीवर यायचं. मग अन्नासकट झोळी पाण्यात बुडवायची. तिखट, मीठ, तेल, गूळ जे काही असेल ते नदीला द्यायचं आणि उरलेला गोळा खायचा. पोट भरावं पण जीभ सोकावू नये, एवढंच त्यामागचं कारण.

बाकीच्या बाया झोळी एकदा बुडवत. सुभद्रा तीनदा बुडवायची. पिळायची, झटकायची, पुन्हा बुडवायची. सिंदफणेचे मासे सुभद्राबाईच्या पंगतीची वाट बघत असतात, असं बाया हसून म्हणत. सुभद्राला त्याचं वाईट वाटत नसे. उलट बरंच वाटे.

कारण ती काही अशीतशी बाई नव्हती. एके काळी सुभद्राच्या हातचं जेवण म्हणजे पंचक्रोशीत बोलायचं काम नव्हतं. लग्नघरची माणसं आचारी ठरवण्याआधी तिचा सल्ला घ्यायला येत. तिच्या भरल्या वांग्यांसाठी सोयरे उगाच एक मुक्काम वाढवत. अशी बाई साठीला टेकल्यावर पाण्यातला लगदा खाते, हे चार लोकांनी बघावं असं तिला मनातून वाटे. सुंभ जळाला होता, पीळ शाबूत होता.

“उद्या देते दीक्षा,” मैनाआई म्हणाल्या.

सुभद्राचा विश्वास बसेना. “उद्या?”

“आजची भिक्षा तेवढी आण. एकाच दारची.”

“कोणत्या दारची?”

“तुझ्या.”

सुभद्रा हबकली. दीक्षेच्या आदल्या दिवशी कधी कधी स्वतःच्याच घरी मागायला पाठवतात, हे तिनं ऐकलं होतं. ते आपल्या वाट्याला येईल असं तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

“ते दार नको, आई. दुसरं कुठलंबी सांगा.”

“कामून?”

“सून हाय ना माझी, कौसा. मनात अढी धरून बसलीय.”

“कसली अढी?”

“लग्न झालं त्या साली पहिल्यांदा पंगतीचा स्वैपाक केला तिनं. आमटी अशी खारट, की जिभेवर ठेववंना. मी उठले, पातेलं उचललं अन् भरल्या पंगतीसमोर म्हशीच्या गव्हाणीत ओतलं. म्हशीनंबी तोंड फिरवलं. सगळी पंगत हसली.”

सांगताना सुभद्राही थोडी हसली. मैनाआई हसल्या नाहीत.

“मग?”

“मग काय. दुसरी आमटी टाकली मी. लोकं बोटं चाटत उठली. तेवढ्यावरनं आजपतोर धड बोलली न्हाई ती माझ्याशी. एवढा राग असतो का, सांगा.”

मैनाआईंनी झोळी झटकून खांद्यावर टाकली.

“नेम ठाऊक हायेत ना? नाव सांगायचं न्हाई. उंबऱ्याच्या आत जायचं न्हाई. पडेल त्याला नको म्हणायचं न्हाई.”

“ठाऊक हायेत.”

“मग जा.”

तिचं गाव टाकळी नदीच्या पलीकडं होतं. सुभद्रा पाय ओढत गेली. गल्लीच्या तोंडाशी आली आणि तिथंच उभी राहिली.

वास आला होता.

भाजलेले तीळ, कारळं, सुकं खोबरं, आणि सगळ्यांच्या मागून हळूच येणारं दगडफूल. तो तिचा मसाला होता. भरल्या वांग्यांचा. तो तिनं कुणाला सांगितला नव्हता, सख्ख्या बहिणीलाही नाही. भाजायला बसली की ती स्वैपाकघराचं दार आतून लावून घ्यायची. मग हा कुणी केला? घरात चोर शिरल्यासारखं वाटलं.

ती दाराशी गेली.

“भिक्षा द्या, माई.”

ओसरीवर तिचा लेक दिगंबर जेवायला बसला होता. मान खाली घालून ताटात काहीतरी कालवत होता. आवाज ऐकला आणि तो थिजला. चिमटीतलं मीठ चिमटीतच राहिलं.

“आई…”

सुभद्रानं नजर जमिनीवर ठेवली. नाव सांगायचं नव्हतं.

आतून कौसा आली. केस पांढरे व्हायला लागले होते. हे कधी झालं, सुभद्राला कळेना. कौसा रडली नाही, गडबडली नाही. सासूकडं टक लावून बघत राहिली आणि आत गेली. तिच्यामागं दिगंबरही उठून गेला.

परत आली ती दोन ऊन भाकरी आणि त्यांवर वांगी घेऊन. झोळीत घातली. मग पळसाच्या पानाची एक छोटी पुडी वर ठेवली.

“हे काय?” सुभद्राच्या तोंडून निघून गेलं.

“मीठ. वांग्यात न्हाई घातलेलं.” कौसाचा आवाज सपाट होता. “मिठाला मी हात लावत न्हाई, आत्याबाई. तुम्हाला ठाऊकच हाय. पुडीसुद्धा यांनी बांधली.”

एवढं बोलून तिनं वाकून नमस्कार केला आणि ती आत गेली. दार मात्र तिनं लोटलं नाही.

सुभद्रा परतली ती धुमसतच. मारलाच शेवटी टोमणा, असं तिला वाटलं. भिकेला आलेल्या म्हातारीला अळणी वांगी घालायची आणि वर मिठाची पुडी हातात द्यायची. नदी येईपर्यंत तिच्या डोळ्यांना धार लागली होती. ती रागाची होती की कशाची, तिलाही सांगता आलं नसतं.

“बघा, आई. सांगत होते ना मी?” तिनं झोळी मैनाआईंच्या पुढं उघडून धरली. “एवढा मसाला भरला अन् मीठ घातलं न्हाई. मुद्दाम. मला डिवचायला.”

मैनाआईंनी आत पाहिलं.

सुभद्रानं झोळीचं तोंड आवळलं आणि ती पाण्याकडं वाकली.

“थांब.”

मैनाआईंनी तिच्या हातून झोळी घेतली. भाकरीचा तुकडा मोडला. वांग्याला लावला.

आणि न बुडवता तोंडात टाकला.

काठावरच्या बाया जिथल्या तिथं थांबल्या. एकीच्या हातून तांब्या सुटला आणि पायऱ्यांवरून गडगडत गेला. कुणी तो उचलला नाही. मैनाआई लहानपणी मठात आल्या होत्या. तेव्हापासून त्यांच्या तोंडात बिनबुडवलेला घास गेलेला कुणी पाहिला नव्हता, ऐकलाही नव्हता. आजारपणात वैद्यानं दिलेली पेजसुद्धा त्यांनी नदीवर नेली होती.

आणि आता त्या डोळे मिटून सावकाश चावत होत्या. हनुवटीवर तेलाचा ओघळ आला होता.

“आई… पाणी…” सुभद्रा नदीकडं बोट दाखवत म्हणाली.

मैनाआईंनी घास गिळला.

“अळणी हाय.”

“तेच तर मी…”

“मसाला कुणाचा?”

“माझा.” सुभद्राचा आवाज खाली आला. “पण मी न्हाई शिकवला. दार लावून करत होते.”

“म्हंजी ती दाराबाहेर उभी राहत असंल.”

बंद दाराबाहेर नवी नवरी उभी आहे आणि नुसत्या वासावरून एकेक जिन्नस ओळखते आहे, हे सुभद्राला डोळ्यांसमोर दिसलं. नको असताना दिसलं.

“एवढा मसाला जमला,” मैनाआई म्हणाल्या. “मीठच कसं राहिलं?”

“राहिलं न्हाई. सांगितलं ना, मुद्दाम…”

“तू आज येणार, हे तिला ठाऊक होतं?”

“…न्हाई.”

“मग ही वांगी कुणासाठी केली होती?”

सुभद्रा आठवू लागली. वास गल्लीच्या तोंडाशीच आला होता. ती दारात जायच्या आधी वांगी चुलीवर होती. दिगंबर तीच वांगी जेवत होता. आणि दिगंबरच्या चिमटीत…

“दिगंबर,” ती पुटपुटली. “ताटात मीठ कालवत होता.”

“कामून?”

नदी वाहत होती. सुभद्राच्या कानांना ती ऐकू येईनाशी झाली.

तिला ती पंगत आठवली. रिकामं पातेलं हातात होतं. लोक हसत होते. हिरव्या लुगड्यातली कौसा खांबाला चिकटून उभी होती. आणि लोकांच्या हसण्यानं चेव येऊन आपण तिला मोठ्यानं म्हणालो होतो…

“काय म्हणालीस?” मैनाआईंनी विचारलं.

सुभद्रा मोठ्यानं बोलून गेली होती की काय, तिलाच समजलं नाही.

“म्हणाले… आजपासनं या घरात मिठाला हात लावायचा न्हाई. मीठ मी घालणार.”

बोलली आणि ती मटकन खाली बसली.

संध्याकाळपर्यंत ती ते विसरूनही गेली होती. पुढं इतकी वर्षं कौसानं चिरावं, भाजावं, फोडणी घालावी आणि मीठ घालायला सासूला हाक मारावी. त्यात सुभद्राला कधी काही वावगं दिसलं नाही. आपल्यावाचून घराचं पान हलत नाही, असंच तिला वाटायचं. मग एक दिवस घर सोडून ती मठात आली. सोनं उतरवून ठेवलं, किल्ल्या ठेवल्या, तुळशीला पाणी घालून निघाली. सगळं आठवणीनं सोडलं. तेवढा एक शब्द मागं घ्यायचा राहिला.

आणि त्या घरानं तो पाळला. ज्या घरी सोयरे जेवणासाठी मुक्काम वाढवत, त्या घरात तेव्हापासून अळणी शिजत होतं. लेक मान खाली घालून ताटात मीठ कालवत होता.

सुभद्राला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मला काय ठाऊक…” ती म्हणाली. “एवढ्याशा बोलण्याचं ती असं…”

मैनाआईंनी भाकरीचा आणखी एक तुकडा मोडून वांग्याला लावला.

“तुम्ही तरी बुडवून खायचं होतं, आई. माझ्यापायी तुमचा नेम मोडला.”

“काय बुडवू?” मैनाआईंनी तो घास तिच्यापुढं धरला. “ह्याची चव तू कवाच काढून घेतलीयस.”

सुभद्रानं त्या घासाकडं पाहिलं. मग पदरानं तोंड पुसलं आणि ती ताठ उभी राहिली. झोळीतली पळसाची पुडी काढून तिनं मुठीत घट्ट धरली.

“मी जाते. अश्शी जाते. भाजी अजून चुलीवर असंल. मी मीठ घालते अन्…”

“तू?”

सुभद्रा थांबली.

मैनाआईंनी हात पुढं केला. सुभद्रानं पुडी त्यांच्या हातावर ठेवली.

मैनाआईंनी ती पाण्यात बुडवली. वर काढली, पिळली आणि पुन्हा बुडवली. पुन्हा पिळली, झटकली, तिसऱ्यांदा बुडवली. अगदी सुभद्रा करायची तसं. मग पान उलगडून बघितलं. आत काही उरलं नव्हतं.

ते ओलं पान त्यांनी सुभद्राच्या हातात ठेवलं.

पान मुठीत धरून सुभद्रानं विचारलं, “अन् उद्याची दीक्षा?”

मैनाआई वाकून हनुवटीवरचं तेल धूत होत्या.

“उद्याबी त्याच दारी जा. मीठ तिला घालू दे,” त्या म्हणाल्या. “कितीबी खारट होऊ दे, सुभद्रे… बुडवून खाऊ नको.”