तळ्यातली जांभळी फुलं

डोंगराच्या पायथ्याशी एका चिमुकल्या घरात हंसा आणि तिची आई राहायच्या. घरामागे एक छोटंसं तळं होतं. त्यात हिरव्या गुलाबांसारखी दिसणारी, मऊ मऊ लव असलेली गोंडाळं तरंगायची. काचेच्या टाकीत मासे पाळणारी माणसं ती रोपं विकत न्यायची आणि त्यावरच दोघींची चूल पेटायची.

पण यंदा आईचा पाय मोडला आणि प्लास्टर घालावं लागलं. ऊन तर असं तापलं की गोंडाळं पिवळी पडून सडली. कोपऱ्यात एकच इवलंसं रोप उरलं. सावली गेली, पाणी तापलं. लालू, ठिपकी आणि शेपटुली हे तीन सोनेरी मासे वर येऊन तोंडं उघडू-मिटू लागले.

हंसाने बांबू रोवून आईचं जुनं लुगडं तळ्यावर बांधलं. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ती दिवसभर तांब्याने उंचावरून पाणी ओतत बसे. हात भरून येत, तरी ती थांबत नसे.

एका सकाळी पाण्यावर जांभळा उजेड चमचमला. पाहते तर काय, चांदण्यांचा झगा घातलेली एक परी पाण्यावर उभी! हंसाने आधी तिची पावलं पाहिली. उलटी नव्हती. पण पाण्यात ओलीही होत नव्हती.

"घाबरू नकोस, बाळ," परी गोड हसली. तिच्या ओंजळीत फुगीर देठांचं एक रोप होतं आणि त्यावर जांभळ्या फुलांचा झुबका. "तुला सावली हवी ना? हे सोड. सात दिवसांत तळं झाकून जाईल. नियम दोनच. आजच सोडायचं आणि एकदा सोडलं की उचलायचं नाही."

"का नाही उचलायचं?"

परी गोंधळली. "असं मला कुणी कधी विचारलं नाही गं."

हंसाच्या मनात पाल चुकचुकली. ती धावत आईकडे गेली.

"आई, तळ्यावर परी आलीय! नवं रोप देतेय, म्हणते आजच सोड!"

"परी असू दे नाहीतर परीची आत्या," आई खाटेवरूनच म्हणाली. "नवं रोप आधी ओसरीत बसवायचं. विसरलीस?"

ओसरीत बसवणं म्हणजे नवं रोप सात दिवस वेगळ्या घमेल्यात ठेवायचं. त्याला कीड आहे का, ते कसं वाढतं, हे बघायचं आणि मगच तळ्यात सोडायचं. आईने हा नेम कधी मोडला नव्हता.

"पण आई, मासे सात दिवस काढतील का?"

आई हळूच म्हणाली, "तांब्या सोडू नकोस."

हंसाने परीपुढे घमेलं धरलं. "यात ठेव."

"घमेल्यात? माझं फूल?" परीचे पंख थरथरले. पण तिने ठेवलं.

परी रोज यायची. "अजून विश्वास नाही? बघ, मासे कसे धापा टाकतायत!"

हंसाला रडू यायचं. एकदा तर तळ्यात ओतायला तिने घमेलं उचललंसुद्धा. मग तिला वाटलं, ही एवढी घाई का करते? तिने घमेलं खाली ठेवलं आणि तांब्या उचलला.

एका रोपाची दोन झाली, दोनाची चार. सातव्या दिवशी घमेल्यात बोट घालायला जागा उरली नाही. पानं काठावरून बाहेर चढू लागली. हंसाने ती बाजूला सारली. खालचं पाणी काळंकुट्ट झालं होतं आणि त्याला घाण वास येत होता. पाण्यातले इवलेसे किडेही मरून पडले होते.

"बघ," ती परीला म्हणाली. "मासे असते तर?"

परी वाकली. तिच्या चेहऱ्यावरचा सगळा उजेड विझला. "मी हे तीन तळ्यांत सोडलं. सगळ्यांनी लगेच घेतलं. नंतर तिथे कुणी मला हाक मारली नाही. का, ते मला कळलंच नव्हतं." तिच्या गालांवरून मोत्यांएवढे थेंब ओघळले.

हंसाने तिचा हात धरला. "रडू नकोस. तू मुद्दाम नाही केलंस."

"माग तुला हवं ते. आता नियम नाही."

हंसाने आपल्या माशांकडे पाहिलं. शेपटुली कुशीवर कलली होती.

"आधी त्या तीन तळ्यांतली फुलं उपस," ती म्हणाली. "तिथले मासे कधीपासून गुदमरतायत. आणि पाण्यापासून लांब, उन्हात वाळव हं. नाहीतर पुन्हा फुटतील."

परीने हंसाच्या कपाळावर ओठ टेकले आणि कोपऱ्यातल्या इवल्याशा गोंडाळाला बोट लावलं. त्याला एक पिल्लू फुटलं, मग दुसरं, मग वीस! हिरवी मखमल अलगद पसरत निघाली आणि गार सावलीखाली शेपटुलीने एकदम शेपूट हलवलं.

"हंसे!" आतून आई ओरडली. "माशांना हवा मिळायला मधलं पाणी मोकळं ठेवलंय का गं तिने?"

हंसाने निरखून पाहिलं. कडेकडेने अर्धं तळं झाकून गोंडाळं थांबली होती.

"ठेवलंय, आई!"

परी खुदकन हसली. तिच्याभोवती सोनेरी-जांभळा उजेड गरगरला आणि त्या तीन तळ्यांच्या वाटेने दूर दूर लखलखत निघून गेला.