कोंडवाडीची फाइल

“...पण बाई, फिल्टर तुम्हीच केलात. वापरायचा नव्हता तर ठेवलात कशाला?”

कौस्तुभने हे उभ्यानेच विचारलं. बाईंसमोर उभ्याने बोलायची पद्धत नव्हती.

रोहिणीबाई खासनीस नोकरीतून मोकळ्या झाल्यापासून धरणाच्या पायथ्याशी एका पडवीत शिकवायच्या. येणाऱ्याला चहा आणि बोलणी, दोन्ही फुकट. धरणाच्या भोंग्यांचं सॉफ्टवेअर त्यांनीच बांधलेलं. साचा एकच. कमांड दिली की त्यातून नदीकाठच्या प्रत्येक गावाची फाइल तयार व्हायची, आणि पाणी सोडण्याआधी त्या गावचा भोंगा वाजायचा. सगळं जमलं की स्क्रीनवर शेवटची ओळ हिरवी. कुठे अडलं की लाल.

ओळ हिरवी दिसल्याशिवाय धरणाची दारं उघडायची नाहीत, असा नियम होता. उद्या सकाळी दारं उघडायची होती.

यंदा ते काम बाईंकडे शिकलेल्या कौस्तुभकडे होतं. तो हुशार होता, आणि हे त्याला दुसऱ्या कुणी सांगायची गरज पडत नसे.

अडलं होतं कोंडवाडीपाशी. नदीच्या अलीकडच्या काठालाही तिथे वस्ती वाढली, म्हणून यंदा दुसरा भोंगा बसला. साच्यात जागा एकाच भोंग्याची. आठवडाभर ओळ लाल येत राहिली. मग कौस्तुभने कोंडवाडीचं नाव फिल्टरमध्ये, म्हणजे वगळायच्या गावांच्या यादीत टाकलं. कमांडने ते गाव वगळलं आणि ओळ हिरवी झाली.

“फिल्टर उघड,” बाई म्हणाल्या. “कोणती गावं आहेत त्यात?”

“जुनं तळवट. मोऱ्हाळे. भिवपाडा.” तो थांबला. “कोंडवाडी.”

“तळवटात कोण राहतं?”

“कोणी नाही. पुरानंतर गाव उठून टेकाडावर गेलं.”

“मोऱ्हाळ्यात?”

“तिथेही कोणी नाही. बाई, तुम्ही कुठे नेताय ते कळतंय मला...”

“कोंडवाडीत?”

“राहतात,” तो म्हणाला. मग त्याचा आवाज चढला. “एका वाडीसाठी सबंध साचा उसवायचा? त्यांना कोणीतरी फोन करून सांगेल की. बाकी सगळ्या गावांचे भोंगे नीट वाजणार आहेत, ते कोणी बघत नाही.”

बाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. त्यांच्या या बघण्याने भलेभले नरमायचे. कौस्तुभ नरमला नाही.

“तुम्हाला माझं काम खटकतंय, कारण ते तुम्ही केलेलं नाही,” तो म्हणाला.

हे मात्र लागलं. बाईंच्या चेहऱ्यावर ते दिसलं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

“असेल,” त्या म्हणाल्या.

तेवढ्यात धरणावरचे उपअभियंता भोईटे आले. बूट न काढता पायरीवरूनच म्हणाले, “झालं का हिरवं? वरून सारखे फोन यायला लागलेत.”

“झालंय, साहेब.”

कौस्तुभने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. भोईट्यांचा जीव भांड्यात पडला.

बाईंनी हात लांब करून लॅपटॉप स्वतःकडे ओढला. फिल्टरमधलं एक नाव खोडलं आणि कमांड पुन्हा चालवली.

गावांची नावं एकामागून एक सरकत गेली... मग थांबली. शेवटची ओळ लाल आली.

“अहो बाई, हे काय केलंत?” भोईटे म्हणाले.

“मोडलं.”

“उद्या दारं उघडायचीत.”

“उघडू नका.”

“वरचा हुकूम आहे. मी काय सांगू त्यांना?”

“लाल आहे म्हणून सांगा. कोणी केलं विचारलं तर माझं नाव घ्या. हवं तर लिहून देते.”

“तुम्ही आता नोकरीत नाही, बाई.”

“म्हणूनच तर. माझी बदली कुठे करतील?”

भोईटे त्या लाल ओळीकडे बघत राहिले. मग खिशातून फोन काढत पायरी उतरले. त्यांचं बोलणं पडवीत ऐकू येत होतं. “नाही साहेब... नियम आहे ना साहेब... नाही उघडता येणार...”

या कामावर पहिल्यांदाच कौस्तुभचं नाव लागायचं होतं. गावाकडे आईलाही त्याने तसं कळवून टाकलं होतं.

“हिरवं होतं,” तो म्हणाला. “चांगलं हिरवं होतं, बाई. तुम्ही लाल केलंत.”

“हो,” बाई म्हणाल्या. “आता त्यात कोंडवाडी आहे.”