बांधलेल्या टोपलीतल्या मरळी

फार पूर्वी, डोंगरापलीकडच्या एका गावात एक मुलगी राहत होती. पान गळून पडलं तरी ती दचकायची. दाराला कडी घालून अंगणात आली की, कडी नीट बसली ना, म्हणून पुन्हा मागे फिरायची.

त्या वर्षी तिचे आबा तापाने अंथरुणाला खिळले. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. ताट समोर आलं की ते भिंतीकडे तोंड करत. माणूस नुसता वाळत चालला. एक दिवस पडल्या पडल्या पुटपुटले, "ताज्या मरळीचं कालवण असतं, तर गेले असते दोन घास."

मरळी मिळायच्या त्या नदीपलीकडे, मामाच्या गावच्या तळ्यात. उन्हाळ्यात तळं आटत आलं की सगळं गाव मासे धरायला चिखलात उतरे. पाहुणेरावळे येत, चार दिवस नुसता दंगा चाले. मुलगी दरवर्षी मजेसाठी जायची. या वर्षी आबांसाठी गेली.

बूड काढलेली टोपली चिखलात दाबायची आणि वरून हात घालून चाचपायचं, अशी तिथली रीत. आत काही वळवळलं की मुलगी किंचाळून हात बाहेर काढी. सगळं तळं हसे.

"अगं, माशाने तुला घाबरायचं असतं!" मामा ओरडे. "तूच काय पळतेस?"

पण शेवटच्या दिवशी तिने दातओठ खाऊन हात घातला आणि चांगल्या हातभर लांबीच्या दोन मरळी धरल्या.

आता प्रश्न होता घरी न्यायचा. ऊन तर असं, की मेलेला मासा नदी ओलांडेपर्यंतच वास मारू लागेल. मामीने टोपलीत ओलं गवत अंथरलं, मरळी ठेवल्या, वर ओलं फडकं टाकलं आणि दुसरी टोपली पालथी घालून काथ्याने घट्ट बांधली.

"मरळ पाण्याबाहेरही श्वास घेते, पोरी. अंग ओलं राहिलं की दिवसभर जगते. वाटेत पाणी लागेल तिथे वरून शिंपड. पण टोपली उघडू नकोस. अंधारात ती गप्प पडून राहते, उजेड दिसला की उसळते."

"आणि गप्प झाल्या म्हणजे? जिवंत आहेत हे कळायचं कसं?"

"घरी गेल्यावर कळेल," मामी म्हणाली.

पहाटेच मुलगी निघाली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली. आत सळसळ झाली की ती टोपली दोन्ही हातांनी घट्ट धरी, निसटल्या तर? मग सळसळ थांबली, आणि तिचं पाऊलच उचलेना. मेल्या तर? ओढ्यावर तिने पाणी शिंपडलं, टोपलीला कान लावला. काहीच ऐकू येईना. गाठीकडे गेलेला हात तिने कसाबसा मागे घेतला.

नदीवर होडी लागलेली होती. होडीत एक म्हातारी मांडीवर कोंबडी घेऊन बसली होती.

"काय आहे गं टोपलीत?"

"मरळी. जिवंत आहेत."

"जिवंत?" म्हातारीने नाक मुरडलं. "माझी कोंबडी बघ, घाटापासून कलकलतेय. तुझ्या टोपलीतून हूं नाही की चूं नाही. गेल्या असतील बाई! आजारी माणसाला घालू नकोस हो असलं काही."

मुलीने टोपली मांडीवर ओढून घेतली. आजाराचं तर ती बोललीही नव्हती! पण तिच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असे. तिने स्वतःला बजावलं, उघडायचं नाही. होडी मधोमध आली. बोटं आपोआप गाठीवर गेली. फक्त एक फट. फक्त एकदा.

काथ्या सुटला, फट पडली, उजेड आत गेला आणि फाडकन एक काळी शेपटी तिच्या गालावर बसली. पाण्यात धप्प आवाज झाला. मुलीने किंकाळी फोडून सगळं अंग टोपलीवर टाकलं. दुसरी मरळ तेवढी आत राहिली.

नावाडी वल्हं हातात धरून हसत सुटला. "झाली का खात्री, ताई? जिवंत होती!"

पलीकडे उतरल्यावर तिने पुन्हा टोपली बांधली, गाठीवर गाठ मारली. पुढची वाट आधीपेक्षा वाईट गेली. ही मरळ नुसती गवतात पडून होती, का आपल्या अंगाखाली चिरडली होती? टोपली मुकी. लागेल त्या ओढ्यावर ती पाणी शिंपडे, आणि हात लगेच पाठीमागे बांधून उभी राही. डोळ्यांतून पाणी यायचं, पण गाठीला तिने बोट लावलं नाही.

दिवेलागणीच्या आधी ती घरात शिरली आणि टोपली आबांच्या अंथरुणावर ठेवली.

"तुम्हीच उघडा, आबा. माझ्याने बघवत नाही."

कित्येक दिवस न उठलेले आबा कोपरावर रेटा देऊन उठून बसले. गाठी सोडता सोडता दमले. झाकण निघालं मात्र, मरळ उसळून थेट त्यांच्या मांडीवर आली! आबा दचकले, मुलगी त्याहून दचकली, आणि मग आबा खोकला येईपर्यंत हसले.

"एकच आणलीस होय गं?"

"दोन होत्या. एक जिवंत आहे का ते मी वाटेत बघितलं," मुलगी मान खाली घालून म्हणाली.

आबांनी त्या संध्याकाळी दोन घास खाल्ले, आणि तिसऱ्यासाठी ताट पुढे केलं.

तात्पर्य काय, तर करायचं ते सगळं नीट करून झालं की पुढची वाट आत डोकावून न पाहता चालावी लागते. मनाच्या समाधानासाठी मध्येच झाकण उघडणाऱ्याला खात्री मिळते, पण मासा जातो.