खांब कुणाच्या दारात?

रेंज सगळ्यांना हवी होती आणि खांब कुणालाच नको होता. मोहोरगडच्या उदाजी महाराजांचं डोकं फिरलं ते इथेच.

संस्थान एवढंसं. मध्ये राजवाडा, भोवती सहा आळ्या, आणि चहूबाजूंनी डोंगर असे दाटीने बसलेले की साधा फोन लावायचा तरी माणसाने पाण्याच्या टाकीवर चढावं. म्हणून महाराजांनी शहरातून इंजिनियर बोलावला. त्याने हातभर लांबीचा एक पांढरा डबा दरबारात ठेवला. म्हणाला, हा बसवायला आकाशाला टेकणारा मनोरा नको, दिव्याच्या खांबाएवढा खांब बास. मात्र तो वस्तीत हवा.

वस्तीत म्हणजे कुणाच्या दारात? झालं, दरबाराचा बाजार झाला. तांबट आळीने सुतार आळीकडे बोट दाखवलं, तिथे जागा ऐसपैस आहे म्हणून. सुतार आळी म्हणाली, जागा आहे तशा म्हशीही आहेत, डब्यातल्या लहरींनी म्हैस आटली तर भरपाई कोण देणार? इंजिनियरने कागद काढून सगळं नियमात असल्याचं वाचून दाखवलं. एका म्हातारीने विचारलं, बाबा, तुझ्या घरासमोर आहे का असला डबा? इंजिनियरला खोकला आला.

महाराज मुळात हट्टी, त्यात सकाळपासून चहा नाही. ते उठून उभे राहिले.

"रेंज प्रत्येकाच्या दारात हवी आणि खांब कुणाच्याच दारात नको? मग तसाच उभा करा! प्रत्येकाच्या दारात असेल आणि कुणाच्याच दारात नसेल. उद्या सकाळपर्यंत मला उपाय सांगा. नाहीतर खांब दाजीबा कासाराच्या ओट्यावर."

दाजीबाच का, तर दरबारात तो एकटाच गैरहजर होता. शेजारच्या गावी लग्नघरी चुडा भरायला गेला होता बिचारा. जो हजर नाही त्याच्या गळ्यात घंटा! सगळ्या आळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि उपाय शोधायच्या भानगडीत न पडता जो तो घरी गेला.

दाजीबा परतला तेव्हा, उपाय काही निघत नाही असं धरून, कारभाऱ्यांनी त्याच्या ओट्याची फरशी उखडून खड्डाही खणून ठेवला होता. तो ओटा म्हणजेच त्याचं दुकान. बायका तिथे टेकायच्या, हात पुढे करायच्या, सासरमाहेरच्या गोष्टी सांगत बांगड्या भरून घ्यायच्या.

"कौते," तो लेकीला म्हणाला, "आता काय भर रस्त्यात उभं राहून बायांचे हात धरू?"

कौतिका खड्ड्याभोवतीच्या फरश्या गोळा करायला लागली. पोरगी कॉलेजात शिकलेली, पण जीव चिमणीचा. झाकण पडलं तरी दचकायची.

दिवेलागणीला देवळातले पखवाजी गणूबुवा जेवायला आले. बुवांना ना घर ना चूल. सहा आळ्यांनी त्यांचे वार लावून घेतले होते. सोमवारी तांबटांकडे, मंगळवारी सुतारांकडे, बुधवारी कासारांकडे, असं करत शनिवारपर्यंत. रविवारी बुवा उपास करत. खड्डा ओलांडून ते आत आले, पाटावर बसले आणि उद्या माळी आळीत वांग्याचं भरीत असेल असं खुशीत म्हणाले. कौतिकाच्या हातातली पळी आमटीत पडली. बुवांच्या धोतरावर शिंतोडे उडाले, पण ती मात्र हसत होती.

सकाळी ती दरबारात उभी राहिली आणि किणकिणणाऱ्या बांगड्या तिने कोपराकडे सारल्या.

"महाराज, आमचे गणूबुवा कुणाच्या दारात जेवतात?"

"सगळ्यांच्या," महाराज म्हणाले.

"आणि त्यांचं बिऱ्हाड कुणाच्या दारात?"

"कुणाच्याच नाही."

"मग डब्याचेही वार लावा. खांब जमिनीत कशाला? बैलगाडीवर उभा करा. रोज एका आळीचा पाहुणा."

महाराजांनी इंजिनियरकडे पाहिलं. तो म्हणाला, होतं असं, जत्रेच्या गर्दीत आम्ही गाडीवरचेच खांब नेतो. एवढ्याशा गावाला तो कुठूनही पुरेल.

कारभाऱ्यांना पोरीने बाजी मारलेली सहन होईना. एखाद्या आळीने आपल्या वारी गाडी आत घेतलीच नाही तर काय, असं त्यांनी फटकन विचारलं. कौतिका दचकली, पण उत्तर अडलं नाही.

"त्या दिवशी डब्याला वीज देणारं दारच नसेल, साऱ्या गावाचे फोन बंद पडतील, कारभारीकाका. मग शिपाई पाठवायची गरज नाही. गावच त्या आळीला बघून घेईल."

दरबारात खसखस पिकली. महाराजांनी मिशीवरून हात फिरवला.

"आणि रविवारी? बुवांसारखा कडक उपास?"

"बुवांच्या उपासाने बुवाच उपाशी राहतात, महाराज. याच्या उपासाने सगळे राहतील. रविवारी तो सातव्या दारात."

"सातवं दार कुठलं?"

कौतिकाने मान वर केली. दरबाराच्या वरच राणीसाहेबांचा सज्जा होता.

"सहाही आळ्यांना जे सारखंच जवळ आहे, ते."

सज्ज्यातला पडदा जोरात हलला. डबा माझ्या सज्ज्यासमोर दिसता कामा नये, हे गावात सगळ्यांत आधी राणीसाहेबांनीच बजावलं होतं, आणि ते फक्त महाराजांना ठाऊक होतं. ते क्षणभर कावरेबावरे झाले. मग पोट धरून असे हसले की फेटा कानावर आला.

"दाजीबाची फरशी आत्ताच्या आत्ता बसवा!" डोळे पुसत त्यांनी हुकूम सोडला. मग खांद्यावरचा जरीचा शेला कौतिकाच्या खांद्यावर घातला आणि आवाज खाली आणला. "आणि पोरी, राणीसाहेबांना चुडा भरायचा मान आजपासून तुमच्या घराचा. पहिल्या रविवारी गाडीच्या आधी तुम्ही बापलेक वर जा. त्यांचे हात तुमच्या हातात असले, म्हणजे त्यांना माझ्यावर काही फेकता येणार नाही."