हिरवट वाटी

एका लहानशा संस्थानात गणपुले नावाचे चित्रकार होते. कुंचला नीट धुण्याचा त्यांना भारी कंटाळा. एकदा पेरू रंगवून तोच कुंचला त्यांनी शेजारच्या चांदीच्या वाटीवर फिरवला आणि चित्रातली वाटी एका अंगानं हिरवट झाली.

“चांदी कधी हिरवी असते का? उद्यापासून येऊ नका,” दिवाणसाहेबांनी राजेसाहेबांसमोरच सुनावलं.

गणपुल्यांनी खऱ्या वाटीकडे पाहिलं, तर तीही पेरूकडच्या बाजूनं हिरवट दिसत होती.

“दिवाणसाहेब, शेजाऱ्याचा रंग चढतोच,” ते हात जोडून म्हणाले. “दरबारात आपल्या शेजारी बसू लागण्यापूर्वी मीसुद्धा बरा शहाणा होतो.”

राजेसाहेबांना हसू आवरेना. गणपुल्यांची नोकरी टिकली. दिवाणसाहेबांनी मात्र दुसऱ्या दिवसापासून आपली बैठक चार हात लांब मांडली.